चार नंबरचं नोझल

शेडमध्ये दोन डबे होते, दोन्ही पोटात डिझेल इंजिन असलेले. एक धावणारा, दुसरा सहा वर्षांपासून लाकडी ठोकळ्यांवर उभा, पहिल्याला सुटे भाग पुरवण्यापुरता. धावणाऱ्या डब्यात बासष्ट जागा, त्यांतल्या चार फाटक्या. इंजिनाला सहा सिलिंडर. भिंतीवर नटबोल्टचे पाने टांगायचे एकोणतीस खिळे आणि सव्वीस पाने. हजेरीपटावर तीन नावं. एक निवृत्त झालेल्याचं, एक बदलून गेलेल्याचं आणि तिसरं फिटरबाईचं.

मार्ग सव्वीस किलोमीटरचा, एकेरी, नऊ स्थानकांचा. दिवसाला चार फेऱ्या आणि सगळे मिळून दोनशे बारा प्रवासी. एवढ्या माणसांसाठी वर विजेच्या तारा ओढायच्या का, यावर एक समिती वर्षभर बसली होती. ड्रायव्हरकाकांचं मत पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. नाकापेक्षा मोती जड, ते म्हणत, आणि नाकही काही सरळ नाही. पण त्यांना निवृत्तीला आठच महिने उरले होते. तारा आल्या काय आणि न आल्या काय, त्यांच्या ताटात काही कमी-जास्त होणार नव्हतं.

फिटरबाईचं तसं नव्हतं. ती इथे आली तेव्हा तिची लेक दोन वर्षांची होती, आता अकराची. नवरा, सासूबाई आणि लेक शहरात, सहा तासांवर. दर दुसऱ्या शनिवारी ती संध्याकाळच्या बसने जायची आणि रविवारी दुपारी परत निघायची. बदलीसाठी तिने सात अर्ज केले होते. सातही वेळा एकच उत्तर आलं: पर्यायी कारागीर उपलब्ध नाही. ते खोटंही नव्हतं. हे इंजिन बनवणं कारखान्याने कधीच बंद केलं होतं आणि ते फक्त तिच्या हाताला वश होतं. दोनदा तिच्या रजेत दुसरा माणूस पाठवला, तर दोन्ही वेळा गाडी तिसऱ्या स्थानकात जाऊन बसली. शेवटी रजाच द्यायची बंद झाली.

समितीने अखेर एक सोपा निकष काढला. धुरातून उजेड किती टक्के अडतो हे मोजायचं. सरासरी पन्नासच्या वर गेली तर डिझेल नापास, तारा मंजूर, शेड बंद. पन्नासच्या आत राहिली तर आणखी दहा वर्षं हेच इंजिन. शेड बंद झाली तर तिची नेमणूक शहरातल्या विजेच्या गाड्यांच्या कारखान्यात होणार होती. तसं पत्रच साहेबांनी तयार ठेवलं होतं, फक्त तारीख घालायची बाकी होती. ही बातमी ऐकून लेकीने आपल्या कपाटातले चारपैकी दोन कप्पे रिकामे केले. फोनवर म्हणाली, “आई, वरचे दोन तुझे. खालचे मला लागतात, माझा हात पोचत नाही.”

परीक्षेच्या आदल्या रात्री, शेवटची फेरी संपल्यावर, तिने चार नंबरच्या सिलिंडरचं नोझल काढलं. नोझल म्हणजे डिझेलची बारीक फवारणी करणारा भाग. त्या जागी तिने उभ्या डब्यातलं जुनं, फवारण्याऐवजी ठिबकणारं नोझल बसवलं. चांगलं नोझल तेलकट कागदात गुंडाळून खिशात ठेवलं. परीक्षा झाली की लगेच परत बसवायचं होतं. तिच्या हिशोबाने आकडा पंचावन्न ते साठच्या दरम्यान येणार होता. आपण इंजिन बिघडवलं असं तिला वाटलं नाही. दुसऱ्या कोणत्याही फिटरच्या हाताखाली ते असंच असतं, असं तिने स्वतःला समजावलं, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं.

सकाळी साडेसातला साहेब आले, सोबत धूर मोजायचं यंत्र घेऊन मीटरवाला. मीटरवाल्याने पेटी उघडली, बटण दाबलं आणि डोकं खाजवलं. यंत्र रात्री चार्जिंगला लावायचं राहिलं होतं. चाळीस मिनिटं लागतील, तोवर इंजिन चालू ठेवा, म्हणजे गरम तरी राहील, असं त्याने सुचवलं. साहेब खुर्ची ओढून वर्तमानपत्रात शिरले.

काकांनी इंजिन चालू केलं. पहिल्या मिनिटातच ते खिडकीतून वाकले.

“पोरी, चार नंबर रडतंय.”

तिचा हात खिशावर गेला. काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे, मग पुन्हा तिच्याकडे. एकतीस वर्षं गाडी हाकलेल्या माणसाला यापेक्षा जास्त सांगावं लागत नाही. ते खाली उतरले आणि तिच्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, “कानात बोळे घाल आणि चहा घेऊन ये. सावकाश पी.”

ती गेली. चहाची टपरी फलाटाच्या टोकाला होती, पण आवाज तिथवर येत होता. पाच ठोके सरळ आणि सहावा लंगडा. पाच सरळ, एक लंगडा. टपरीवाला कालच्या पाणीकपातीबद्दल काहीतरी सांगत होता. ती हूं हूं करत होती आणि ठोके मोजत होती. फलाटावर आठ-चाळीसच्या गाडीसाठी सतरा माणसं थांबली होती. त्यांना काही ऐकू येत नव्हतं. एकाने धूर बघून नाकाला रुमाल लावला, एवढंच.

चहा अर्धा टाकून ती परतली. वीस मिनिटं झाली होती. शेडच्या बाहेर बाकावर बसली, उठली. हात पुसले, ते आधीच स्वच्छ होते. तिने लेकीच्या कपाटाचे कप्पे आठवायचा प्रयत्न केला; वरचे दोन. पाच सरळ, एक लंगडा. धुराड्याच्या तोंडाशी काजळीचे ओले ठिपके पडू लागले होते. जळायचं राहिलेलं डिझेल. पिस्टनच्या माथ्यावर ते आत्ता कुठे आणि कसं साचत असेल, हे तिला स्पष्ट दिसत होतं.

“आवाज ठीक आहे ना हो, बाई?” साहेबांनी पेपरमधून मान वर न करता विचारलं. त्यांना खरंच कळत नव्हतं. नुसतं हो म्हटलं असतं तरी भागलं असतं.

“काका, इंजिन बंद करा,” ती म्हणाली. “पंधरा मिनिटं.”

काकांनी इंजिन बंद केलं नाही. “पोरी, हात मागे घे,” ते म्हणाले. “नऊ वर्षं झाली.”

“बंद करा.”

साहेबांनी पेपर खाली केला. काय झालं, त्यांनी विचारलं. एक भाग बदलायचा राहून गेला होता, तिने सांगितलं. साहेबांना ते आवडलं. प्रामाणिक माणसं आता राहिली कुठे, असं काहीसं ते मीटरवाल्याला म्हणाले. काकांनी इंजिन बंद केलं आणि ते तोंड फिरवून उभे राहिले.

इंजिन तापलेलं होतं. तिने चिंधी गुंडाळून पाइप सैल केला, दोन्ही नट काढले, ठिबकणारं नोझल उपसलं. बैठक पुसली, नवी तांब्याची चकती घातली. खिशातलं नोझल बसवलं आणि दोन्ही नट आळीपाळीने अर्धा-अर्धा आटा आवळले. पाइपातली हवा काढली. या सगळ्यात तिच्या मनगटावर रुपयाएवढा फोड आला, तो तिला पाइप आवळून झाल्यावर दिसला.

काकांनी इंजिन चालू केलं. सहा सरळ. पुन्हा सहा.

यंत्र चार्ज झालं होतं. मीटरवाल्याने धुराड्यात नळी घातली आणि काकांना सहा वेळा इंजिन पूर्ण वेगाला न्यायला सांगितलं. आकडे तो मोठ्याने वाचत गेला आणि साहेब लिहीत गेले. एकोणीस. अठरा. अठरा. सतरा. अठरा. अठरा.

सरासरी अठरा टक्के.