झाकणाच्या आतली तारीख

मित्रांनो, मी एक जुनी प्रवासी बॅग आहे. रंग विटकरी, कोपरे घासलेले आणि एक चाक किंचित लंगडे. विमानतळावरच्या फिरत्या पट्ट्यावर माझ्यासारख्या कितीतरी बॅगा गोल गोल फिरत असतात. पण माझ्या मुठीला हिरव्या लोकरीचा गोंडा बांधलेला आहे, त्यामुळे माझी माणसे मला लांबूनच ओळखतात. मला आता फारशा तक्रारी उरलेल्या नाहीत. मी सांगणार आहे ती हकीकत सुखाचीच आहे. फक्त एकदा ती दुःखाची होता होता राहिली.

माझा जन्म पत्र्याच्या एका लांबलचक शेडमध्ये झाला. एका टोकाला कापड कापत, मध्ये शिलाईची यंत्रे चालत आणि शेवटच्या टेबलाशी बसलेली बाई प्रत्येक बॅगेच्या चेनी उघडून मिटून बघत असे. माझ्या आतल्या कप्प्याची चेन जरा अडते, असे ती म्हणाली होती. पण माल न्यायला ट्रक दाराशी उभा होता आणि ती चेन तशीच राहिली. ती आजही अडते.

मला दुकानातून विकत घेतले ते ग्रंथालयात काम करणाऱ्या एका बाईंनी. त्यांची एकुलती एक मुलगी शिकायला परगावी निघाली होती. त्या मुलीबरोबर मी वसतिगृहात राहिले. खाटेखाली माझी जागा होती. सुट्टी लागली की तिच्या मैत्रिणी माझ्यावर बसत आणि ती माझी चेन ओढून लावत असे. शिक्षण संपले, नोकरी लागली, लग्न झाले, ती नवऱ्याबरोबर परदेशी गेली. जाताना तिने नवी, हलकी बॅग घेतली. माझी रवानगी कपाटाच्या माथ्यावर झाली. माझ्या पोटात जुन्या रजया भरल्या आणि वरून वर्तमानपत्र पसरले. बॅगेच्या आयुष्यात अशी वर्षे येतात. त्याबद्दल रुसून उपयोग नसतो.

या बाईंना आता मी आजी म्हणेन, कारण पुढे त्या आजी झाल्या. त्या ग्रंथालयात देवघेवीच्या खिडकीवर बसत. वाचक पुस्तक घेऊन आला की शेवटच्या पानावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर परतीच्या तारखेचा शिक्का मारून देत. तारीख चुकवणाऱ्याची त्या गय करत नसत. डॉक्टर असो, शाळेचे हेडमास्तर असोत, उशीर झाला की कार्ड बंद. मात्र पुस्तक वेळेवर आणले आणि दुसऱ्या कुणी मागितलेले नसले, तर तेच पुस्तक त्या पुन्हा लगेच देत. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी त्यांना शाल दिली, पण त्यांनी हट्टाने मागून घेतला तो लाकडी मुठीचा जुना तारखेचा शिक्का.

मुलीला दिवस गेले आणि आजींनी मला कपाटावरून खाली उतरवले. झटकले, पुसले, उन्हात ठेवले. पर्यटक म्हणून व्हिसा मिळाला, त्याचा फोटो त्यांनी जावयाला पाठवला आणि आम्ही निघालो.

त्या देशाच्या दारावर काचेमागे एक तरुण अधिकारी होता. त्याने आजींचा पासपोर्ट चाळला, शिक्का मारला आणि त्याखाली पेनाने एक तारीख लिहिली. आजी शिक्क्याकडे बघून मराठीतच म्हणाल्या, "शाई छान भिजवली आहे हो." त्याला काही कळले नाही, पण तो हसला.

मित्रांनो, इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. व्हिसावर छापलेली तारीख ही त्या देशात शिरण्याची मुदत होती. शिरल्यावर किती दिवस राहायचे, ते दारावरचा अधिकारी ठरवत असे, आणि तीच ती पेनाने लिहिलेली तारीख. पण जावयाकडे होता तो व्हिसाचा फोटो, शिक्का बसण्याच्या आधीचा. त्यातली तारीख त्याने मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून फ्रिजवर लावली. ती खऱ्या तारखेपेक्षा कितीतरी पुढची होती. घरातले सगळे त्या कागदाकडे बघून निर्धास्त झाले.

आजी मात्र निर्धास्त नव्हत्या. दोन्ही तारखा त्यांनी पहिल्याच दिवशी वाचल्या होत्या. सांगू सांगू म्हणेपर्यंत मुलीला दवाखान्यात न्यावे लागले, मग बाळ आले. पिटुकली मुलगी. तिचे नावच घरात पिटुकली पडले. तिला पहिल्यांदा मांडीवर घेतल्यावर आजींनी सांगण्याचा विचार पुढे ढकलला. आणि एका दुपारी, कुणाचे लक्ष नसताना, पासपोर्ट माझ्या आतल्या कप्प्यात सरकवून चेन ओढून घेतली.

मुलीने प्रेमाने माझ्यातले कपडे काढून कपाटात लावले होतेच. "आता घरच्यासारखी राहा," असे ती आईला म्हणाली. जावयाने मला उचलून इमारतीच्या तळघरात नेले आणि रंगाचे डबे व पंक्चर सायकल यांच्या शेजारी ठेवले.

तिथे मी एकटी पडले, असे तुम्हाला वाटेल. तसे झाले नाही. इमारतीतले कपडे धुण्याचे यंत्र तळघरातच होते. आजी बाळाला छातीशी बांधून कपडे घेऊन खाली येत, यंत्र चालू करत आणि दुसरी बसायची जागा नसल्यामुळे माझ्यावर बसत. यंत्र घरघरत असे, बाळ पेंगत असे आणि आजी बोलत असत.

"ह्या बॅगेत काय आहे ते कुणाला सांगायचं नाही हं, पिटुकले. तुझी आजी लबाड आहे."

त्या आनंदात होत्या. सगळा जन्म दुसऱ्यांच्या तारखा सांभाळण्यात गेला आणि आता स्वतःची तारीख त्या विसरायला बघत होत्या. मला बोलता आले असते तर मी काय सांगितले असते कोण जाणे. त्यांचे ऊबदार ओझे मलाही हवेसेच वाटत होते.

मग एके दिवशी मुलगी त्यांच्याबरोबर खाली आली. हातात बाळाच्या तोकड्या झालेल्या झबल्यांचा ढीग होता.

"आई, ऊठ ना बॅगेवरून. हे सगळं तिच्यात टाकते."

"पिशवीत ठेव की."

"एवढी मोठी बॅग रिकामी पडली आहे, पिशवी कशाला?"

"रिकामी नाही."

"काय आहे तिच्यात?"

"आतल्या कप्प्यात हात घालू नकोस म्हणजे झालं."

असे म्हटल्यावर जगातली कुठली मुलगी हात घालणार नाही? तिने मला उघडले आणि ती चेन ओढू लागली. चेन अडली. ती हसत म्हणाली, "हिचं अजून तेच. वसतिगृहात निम्मा वेळ हिच्यातच जायचा."

"पुढच्या शुक्रवारची आहे," आजी एकाएकी म्हणाल्या.

"काय?"

"माझी परत जायची तारीख."

"फ्रिजवर तर वेगळीच आहे."

"ती व्हिसाची. शिक्क्याखाली लिहून दिली आहे ती ही. मी आल्या दिवशीच वाचली."

यंत्राने वेग घेतला. मुलीने चेन सोडून दिली.

"आणि सांगितलं नाहीस?"

"सांगून काय झालं असतं? तू सोमवारपासून कामावर जाणार. पाळणाघरात जागा मिळायला अजून महिना आहे. मधल्या दिवसांत हिला कोण बघणार? थोडं जास्त राहिले तर कुणाचं काय बिघडतं? मी काय चोरी करते आहे?"

मुलीने झबली माझ्यात ठेवली आणि ती जमिनीवरच बसली. "आई, मी सातवीत असताना तू माझं कार्ड महिनाभर बंद केलं होतंस. एक दिवस उशीर झाला म्हणून. मला ताप होता त्या दिवशी."

"पुस्तकासाठी दुसरा वाचक थांबला होता."

"एका दिवसानं कुणाचं काय बिघडतं, असं मीही तेव्हा म्हटलं होतं. तू काय म्हणालीस आठवतं?"

आजींना आठवत होते. त्या बाळाच्या टोपीची गाठ सोडत आणि पुन्हा बांधत राहिल्या.

त्या संध्याकाळी मी पुन्हा वर आले. स्वयंपाकघराच्या दारात मला उभे केले होते, त्यामुळे पुढचे सगळे मी ऐकले. जावई थंड गोदामांची यंत्रे दुरुस्त करतो. माणूस मनाने मोठा, पण जरा घाईचा.

"आई, एवढं मनावर घेऊ नका," तो म्हणाला. "आमच्या कामावर एकाचे सासरे दोन महिने जास्त राहून गेले. कुणी विचारलंसुद्धा नाही."

"मग पुन्हा आले का ते?" मुलीने विचारले.

"यायचं म्हणत होते. व्हिसा मिळाला नाही बहुतेक."

"बहुतेक?"

"नाहीच मिळाला," जावई हळूच म्हणाला आणि उठून फ्रिजवरचा कागद काढू लागला. "चूक माझीच. जुन्या फोटोवर विसंबलो."

"जावईबापू, लोकांच्या फ्रिजचं तापमान अचूक लावता," आजी म्हणाल्या, "आणि आपल्याच फ्रिजवर तारीख चुकीची?"

सगळे हसले. पण हसून झाल्यावर सगळ्यांचे डोळे बाळाकडे गेले, आणि प्रश्न काय आहे ते कुणाला सांगावे लागले नाही. आज जास्त राहायचे, की पुन्हा येता येईल असे वागायचे?

तरीही मुलीने एक प्रयत्न केला. दुसऱ्या दिवशी ती आजींना घेऊन परदेशी लोकांच्या परवान्यांच्या कचेरीत गेली. तिथे काय झाले ते आजींनी मला भरताना बाळाला रंगवून सांगितले, तसेच सांगते. काचेमागे चष्म्याला साखळी लावलेली एक बाई होती. मुदत वाढवून मिळेल का, असे मुलीने विचारले. बाईंनी विचारले, आजारपण आहे का? विमान रद्द झाले आहे का? मुलगी म्हणाली, नाही, नात आहे. बाई हसल्या आणि म्हणाल्या, आमच्याकडे हे कारण बसत नाही. मुदत संपण्याआधी विचारायला आलात हे मात्र बरे केलेत. वेळेवर गेलात तर पुन्हा अर्ज करा. उशीर केलात तर पुढची काही वर्षे दार बंद.

"तिला सांग," आजी मुलीला म्हणाल्या, "मीही खिडकीच्या त्या बाजूला बसून हेच सांगायचे."

मुलीने सांगितले. बाई म्हणाल्या, "मग त्यांना समजावून सांगायची गरज नाही."

शुक्रवारपर्यंतही आम्ही थांबलो नाही. शेवटच्या दिवशी विमान रद्द झाले तर उगाच पंचाईत, म्हणून आजींनी दोन दिवस आधीचेच तिकीट काढायला लावले. जावयाने संध्याकाळच्या पाळ्या मागून घेतल्या, मुलीने अर्ध्या दिवसाचे काम. निरोपाच्या वेळी आजी रडल्या नाहीत. मुलगीही रडली नाही. जावई रडला. आणि माझे चाक विमानतळाच्या उंबऱ्यावर आपटून निखळले.

पुढचे आठवडे सोपे गेले असे मी म्हणणार नाही. बाळाला सर्दी झाली, मुलीची झोप गेली, आजी फोन हातात घेऊन तासन् तास माझ्याशेजारी पलंगावर बसून असत. एकदा मुलगी फोनवर चिडून म्हणाली, "मीच तुला घालवलं ना." आजी म्हणाल्या, "घालवलं नाहीस ग. परत केलंस. फरक आहे." मग पाळणाघर सुरू झाले आणि दोघींचे आवाज हळूहळू पूर्वीसारखे झाले.

मला आजींनी कपाटावर टाकले नाही. चांभाराकडून नवे चाक बसवून घेतले. ते दुसऱ्या चाकापेक्षा थोडे मोठे निघाले, म्हणून मी लंगडते, पण चालते. मग त्यांनी माझ्या झाकणाच्या आत एक चिठ्ठी चिकटवली, पुस्तकात असते तशी रेघा आखलेली. त्यावर आपल्या लाकडी शिक्क्याने पहिली तारीख उमटवली, आम्ही परतलो त्या दिवसाची.

पुढच्या वर्षी व्हिसा मिळाला. दारावरच्या अधिकाऱ्याने जुन्या शिक्क्यांची पाने उलटली, जाण्याची तारीख बघितली आणि काही न विचारता नवा शिक्का मारला. घरी पोचल्यावर आजींनी चपला काढण्याआधी पासपोर्ट जावयाच्या हातात दिला. "शिक्क्याखालची वाचा. फोटो काढा. आणि हीच फ्रिजवर लावा." पिटुकली तेव्हा भिंत धरून चालत होती. तिला आजी आठवत नव्हत्या. पण माझा हिरवा गोंडा तिने पकडला तो सोडेचना आणि गोंड्यापाठोपाठ तिने आजींचे बोटही धरले.

त्याला आता काही वर्षे झाली. माझ्या चिठ्ठीवर बऱ्याच तारखा जमल्या आहेत आणि त्यातली एकही चुकलेली नाही. मित्रांनो, तुम्ही मोठे झाल्यावर लांबच्या मुलखात जाल, तिथे तुमचे मन रमेल आणि निघावेसे वाटणार नाही. तेव्हा शिक्क्याखाली काय लिहिले आहे ते आल्या दिवशीच वाचा आणि घरात सगळ्यांना सांगा. ते कप्प्यात लपवू नका. जी बॅग तुम्हाला नेते आणि आणते, तिच्या चाकाला अधूनमधून तेल घाला. आणि तिची एखादी चेन अडत असली तरी तिला टाकून देऊ नका.

हल्ली निघायच्या आदल्या दिवशी पिटुकली माझे झाकण उघडून आत बसते. आजी तिला शिक्का देतात. ती दोन्ही हातांनी दाबून चिठ्ठीवर तारीख उमटवते, शाईवर फुंकर घालते आणि दर वेळी तेच विचारते.

"आजी, आता पुन्हा कधी?"

"आधी जाऊ तर दे," आजी म्हणतात. "गेल्याशिवाय कशी येणार?"

आणि पिटुकली माझ्यातून बाहेर उतरून माझी चेन लावायला मदत करते.