पहिली चिमूट फुकट

राजारामपुरीत मिश्री भाजावी ती तानाबाईनंच. तानाबाई म्हणजे माझी बायको. तिनं गच्चीवर तव्यात तंबाखू टाकली की खालून जाणारी सिटी बस दोनदा शिंकते आणि स्टॉपवर न थांबता पुढं जाते. खोटं वाटत असेल तर स्टॉपवरच्या माणसांना विचारा, ती अजून तिथंच उभी आहेत.

ती काळी पूड दाताला लावल्याशिवाय आमच्या गल्लीतल्या बायकांचा दिवस उजाडत नाही. सगळ्या पुड्या आमच्या कट्ट्यावरून जातात.

आमची नात संयोगिता अकरावीला. कॉलेजात व्यसनमुक्ती सप्ताह निघाला. मॅडमनी पोरांना एक कादंबरी वाचायला दिली. शाळकरी पोरगा नशेची पावडर विकतो, अशी गोष्ट. मग एकेकानं उठून सांगायचं, कशी वाटली. सगळ्यांना थरारक वाटली. काहींना तर न उघडताच वाटली. संयोगिता उठली.

"सगळं खरं हाय, फक्त माणूस चुकलाय. विकणारा टोपी ओढून अंधारात उभा ऱ्हात न्हाय. तो नऊवारी नेसून कट्ट्यावर उन्हात बसतोय. 'जेवलीस का गं' म्हणून इचारतोय आणि पहिली चिमूट फुकट देतोय. माझी आज्जी हाय ती."

मॅडमनी मला तातडीनं बोलावून घेतलं. "आजोबा, खरं सांगा. घरात काय काय असतं?"

"तंबाखू आणि तवा."

मॅडमचा जीव भांड्यात पडला. "मिश्री होय! आमच्या सासूबाईपण लावतात. पोरीनं उगाच घाबरवलं."

घरी मात्र तानाबाई पेटलेली. "मला पावडरवाली म्हणालीस व्हय गं? आता पोलिसात दे!"

"आधी आईचं तोंड बघ की," संयोगिता म्हणाली.

आई म्हणजे आमची सून वर्षाराणी, मलकापूरची. नवी नवरी असताना तिची दाढ दुखली, तेव्हा सासूनंच पहिली चिमूट दिली होती. आता गालाच्या आत पांढरा चट्टा उठलेला. परवाच्या रविवारी ती मटणाचे तुकडे पाण्यात धुऊन खाताना अख्ख्या गल्लीनं पाहिली. कोल्हापुरात माणूस तांबडा रस्सा धुऊन खातो म्हणजे खरं तर रुग्णवाहिकाच बोलवायची. पण गल्ली म्हणाली, पित्त असंल. आणि वर्षाराणी म्हणायची, मिश्री लावली की बरं वाटतंय.

"ते पुस्तक वाच बघू," तानाबाई म्हणाली. "कोण तो माझ्याशी बरोबरी करणारा!"

रोज दुपारी कट्ट्यावर वाचन सुरू झालं. पुडीला आलेल्या बायका भाजी निवडत थांबू लागल्या. तानाबाई मधूनमधून त्या पोराच्या चुका काढायची. "गिऱ्हाईकाला शिव्या देतंय बघा! बसा म्हणायचं न्हाय, पाणी न्हाय. असा धंदा चालतोय व्हय?"

एका दुपारी गोष्टीत त्या पोराचा धाकटा भाऊ बेशुद्ध सापडला. मुठीत पुडी, आणि पुडी थोरल्याच्याच मालातली. संयोगितानं पुस्तक मिटलं.

"पुढं?"

"पुढचं वाचत न्हाय."

"जगतंय का गं ते?"

"आईला दवाखान्यात ने. मग वाचतो."

"नगं जा! तुझं पुस्तक तुलाच लखलाभ."

दुसऱ्या दिवशी दुपार झाली आणि तानाबाईचं डोकं ठणकायला लागलं. दोनदा मिश्री लावली, उतरेना. कट्ट्यावर बायका जमलेल्या. "तानाक्का, ने की गं सुनेला एकदाची! त्या पोराचं काय झालं, आमाला घास गिळंना." सुनेला घास गिळत नव्हता तो गिळत नव्हताच, पण ती पडली घरातली. पुस्तकातल्या पोरासाठी मात्र गल्ली हळहळली.

शेवटी दोन रिक्षा भरून बायका दवाखान्यात गेल्या. मी पिशव्या धरायला. डॉक्टरनी बॅटरी लावून चट्टा पाहिला, तपासायला बारीक तुकडा काढला आणि विचारलं, "मिश्री कोण देतं?"

तानाबाई शेजारीच उभी होती. वर्षाराणीनं पदर तोंडाला लावला. "दुकानातनं आणतो."

बाहेर आल्यावर संयोगितानं बोलल्याप्रमाणं पुस्तक उघडलं. "बस आज्जी, वाचतो."

"ऱ्हाऊ दे."

"का? आता तर आईला आणलंस."

"बांधून ठेव म्हटलं न्हवं ते!" तानाबाई ओरडली आणि सुनेचा हात धरून रिक्षात बसली. बाकीच्या बायकांनी मात्र संयोगिताला तिथंच बाकड्यावर अडवून शेवट वाचून घेतला आणि यथेच्छ रडल्या.

तपासणीत वाईट काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत, पण मिश्री बंद. वर्षाराणीची सुटली नाही, सुटते आहे. अजून तिला पांढऱ्या रश्श्यावरच भागवावं लागतं. तवा माळ्यावर गेला. तानाबाई दुपारी बायकांना बडीशेप देते, बायका तोंडं वाकडी करून घेतात आणि तरीही बसतात, कारण संयोगितानं नवी कादंबरी आणली आहे. पहिलं प्रकरण तिनं न मागता वाचून दाखवलं. दुसऱ्यासाठी ज्यांना यायचं, त्यांनी आधी डॉक्टरांना तोंड दाखवून यायचं. मॅडमच्या सासूबाई कालच जाऊन आल्या.

सिटी बस आता स्टॉपवर थांबते, असं लोक सांगतात. मी अजून पाहिलेलं नाही.