क्षमावाणीचा फोन

पायगोंडा पाटील तासगावजवळच्या आपल्या गावात अकरा वर्षं तंटामुक्त समितीचे अध्यक्ष होते. एवढ्या वर्षांत नवराबायकोचं एकही भांडण त्यांनी पोलीस ठाण्याची पायरी चढू दिलं नाही, आणि याचा त्यांना भारी अभिमान. मार खाल्लेली बाई यायची, मारणारा यायचा. पायगोंडा दोघांना समोरासमोर बसवत, नवऱ्याला चार शब्द सुनावत, 'चुकलं' म्हणायला लावत आणि चहा पाजून जोडीनं घरी धाडत. मग रजिस्टरात ओळ पडे, 'आपसांत मिटले'. बाई काय म्हणाली, याला त्या रजिस्टरात रकानाच नव्हता.

मग घरचंच प्रकरण आलं. मेलबर्नला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलानं, भरतेशनं बायकोला, श्रद्धाला मारलं. शेजारणीनं फोन केला, पोलीस आले आणि त्यांनी घराबाहेर काढलं ते भरतेशला. कोर्टाचा हुकूम झाला, की श्रद्धाजवळ जायचं नाही, फोन करायचा नाही, कुणाकरवी निरोपही द्यायचा नाही. हुकूम मोडला तर अटक.

"बोलायचंच न्हाई म्हंजे मिटवायचं कसं?" पायगोंडा म्हणाले. "त्या लोकास्नी संसार कळत न्हाई."

क्षमावाणीच्या दिवशी त्यांना उपाय सुचला. पर्युषण संपलं की बस्तीत, म्हणजे मंदिरात, सगळे जैन एकमेकांपुढं हात जोडतात, वर्षभरात कळत नकळत दुखावलं असेल तर क्षमा मागतात. त्या दिवशीची क्षमा नाकारणार कोण? देवदर्शन करून आल्या आल्या त्यांनी श्रद्धाला फोन लावला आणि ती "बोला मामा" म्हणतेय तोवर भरतेशलाही त्याच फोनवर जोडून घेतलं. भरतेश आधी नको नको म्हणत होता, पण वडिलांपुढं त्याचं काही चाललं नव्हतं.

"श्रद्धा, उत्तम क्षमा," भरतेश म्हणाला. "ऐकतीयस ना?"

फोन बंद झाला.

दुपारी चारच्या सुमाराला भरतेशच्या मित्राचा निरोप आला, पोलिसांनी भरतेशला नेलं. पायगोंडांचं डोकं फिरलं. त्यांनी श्रद्धाला पुन्हा फोन केला.

"क्षमा मागितली म्हणून नवऱ्याला धरून दिलंस व्हय गं?"

"मामा, त्याचा आवाज आला आणि मला वाटलं तो दाराशीच आहे. बाथरूमची कडी लावून बसले. तिथूनच पोलिसांना फोन केला."

"आपल्यात असं करत न्हाईत पोरी. घरातलं घरात मिटवतोय आपन."

"कायदा आपल्याकडंही आहे मामा. तुम्ही बाईला तिथवर पोचू देत नाही, एवढंच. गेल्या दिवाळीला आलो होतो, तेव्हाही मारलं त्यानं मला. तुमच्याच माडीवर. तुम्ही खाली होता."

पायगोंडा खाली होते. त्यांनी ऐकलं होतं, आणि रिमोट घेऊन टीव्हीचा आवाज वाढवला होता. आता तो रिमोट समोर टीपॉयवर पडला होता, आणि त्याच्याकडं बघायचीही त्यांना लाज वाटली. काहीतरी पुटपुटून त्यांनी फोन ठेवला.

आक्काताई उंबऱ्यात बसून मूग निवडत होत्या. निदान बायको तरी आपल्या बाजूनं बोलेल, असं पायगोंडांना वाटलं.

"मी काय वंगाळ केलं गं? क्षमाच मागाय लावली न्हवं?"

"व्हय की," आक्काताई म्हणाल्या. "तुमीबी मागतासा. तरणेपणी वरीसभर माज्यावर हात उचलायचासा आनि क्षमावाणीला जोडायचासा. आज सकाळीबी जोडलासा."

"मग? मागतोय की मी."

"मी दिली का, ते कवा इचारलंसा?"

चाळीस वर्षांत त्यांनी विचारलं नव्हतं. अकरा वर्षांत एकाही बाईला विचारलं नव्हतं. त्यांनी विचारलं, "दिलीस?"

"न्हाई," आक्काताई म्हणाल्या, आणि रीतीप्रमाणं दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची म्हणून ताट वाढायला उठल्या.