दोन पोती झेंडू

माया आवाज मोठा हाय. नदीच्या या काठावरून हाक मारली तर पलीकडच्या वावरातला गडी काम सोडून वर पाहते. लोक म्हणतात, किसनराव बोलत नाही, भांडते. म्हणू द्या. वावरात डुकरं शिरली तर त्यायले काय 'जरा बाजूले सरकता का हो' म्हणू? आजवर मायी सगळी कामं आवाजानंच झाली. कोणाच्या बापाचं काही गेलं नाही.

पातूरच्या रस्त्याले आमचं गाव. आमी झेंडू-शेवंतीवाले, फूल अकोल्याच्या बाजारात जाते. घरात मी, मायी बायको पार्बता, अन् एकच पोरगी, हर्षा. हर्षा विमान चालवते. हाव, चेष्टा नाही करून राहिलो. अमरावतीकडे शिकली, अन् आता तथीच चार सीटच्या लहानशा विमानात नव्या पोरायले शिकवते. घरी कोणी पाहुणा आला की पार्बता पहिले त्याले पाणी देते अन् मंग लगेच हे सांगते.

मले मात्र भेव वाटे. कुठी लहान विमान पडल्याची बातमी टीव्हीवर आली की मी ताट बाजूले सारो. मी तिलेच फोन लावो अन् तिच्यावरच ओरडो. "पडते कायले हे डबडं? कोणी सांगन का मले?" अन् फोन ठेवायच्या आधी दरवेळी एकच सांगो, "हळू चालवजो बाई."

एका सुटीत आली तेव्हा तिनं मले ओट्यावर बसवलं. म्हणे, "बाबा, भेव वाटते ना, मंग एकडाव नीट ऐका तरी." जगातल्या लहान विमानांच्या जुन्या अपघातांचे अहवाल वाचायची तिले सवय. दुसऱ्या पोरी सिरियल पाहतात, आमची पोरगी हे वाचे.

"इंजिन बिघडून पडतात, पण ती थोडी," हर्षा म्हणाली. "जास्तीची पडतात चालवणाऱ्याच्या चुकीनं. कोणी टाकीत तेल किती हाय ते आपल्या डोळ्यानं पाहत नाही. कोणी 'निघून जाऊ' म्हणून ढगात घुसते, अन् मंग वर कोणतं अन् खाली कोणतं तेच उमजत नाही. कोणी वजन जास्त भरते. उन्हाळ्यात तर हवाच पातळ होते, तेव्हा दहा-वीस किलोचाही फरक पडते. अन् लय वाईट म्हणजे खाली येऊन हळू वळणं. वेग कमी झाला अन् वळण घेतलं की पंखाले हवा उचलून धरत नाही. उंचावर असलं तर सावरता येते. खाली असलं तर सावरायले जागाच नाही."

"हळू चालवलं तर पडते?" माया तर विश्वासच बसला नाही.

"हळू चालवलं की पडते, बाबा. तुमी दर फोनवर मले तेच सांगता."

आमी दोघंही हसलो. मंग तिनं माया हात धरला. म्हणे, "एका गोष्टीचं मले बी भेव वाटते. पायलट आपल्याच गावावर येते. घरच्यायले दिसावं म्हणून खाली येते, चक्कर मारते. आई अंगणात उभी असते, भाऊ मोबाईलवर व्हिडिओ काढून राहते. कितीतरी अहवालात हेच हाय, बाबा. मी ठरवून टाकलं. आपल्या गावावरून उडायचं नाही."

"बिलकूल नाही!" मी म्हटलं. त्या रात्री मले चांगली झोप लागली.

या एप्रिलात गावच्या मारुतीच्या देवळावर कलश चढवायचं ठरलं. सरपंच डोमाजीच्या डोक्यात किडा शिरला. म्हणे, लोक हेलिकॉप्टर भाड्यानं आणून फुलं टाकतात, आपल्या गावची तर पोरगीच पायलट हाय. मी बैठकीत असा ओरडलो की मंडपाचं माप घ्यायले आलेला माणूस टेप टाकून उभा राहिला. डोमाजी गप झाला. विषय मिटला, असं मले वाटलं.

मिटला कसचा. संध्याकाळी पार्बतानं हर्षाले फोन लावला. मी तथीच चपला काढून राहिलो होतो. "बाई, मी तुले आजवर काही मागतलं नाही," ती म्हणाली. "आपल्या वावरातली फुलं आपल्या देवावर एकडाव टाक. मले तेवढं पाहू दे."

फोन स्पीकरवर होता. मंग हर्षा म्हणाली, "बरं, आई."

मी फोन हिसकला. "काहून हो म्हणली? तुया नियम कुठी गेला?"

"परवानगी काढते, बाबा. सकाळच्या थंडाव्यात येईन. उंचावरून एकच चक्कर. अन् फुलं दोन पोती, पंधरा-पंधरा किलो. त्याच्यावर एक पाकळी नाही."

आईनं जन्मात एकदा मागतलं, तर पोरगी नाही कशी म्हणन? मी ओरडलो खरा, पण त्या ओरडण्यात काही दम नव्हता.

आदल्या दिवशी मी स्वतः पाकळ्या मोकळ्या केल्या, स्वतः काट्यावर ठेवल्या. दुसऱ्या पोत्यात मूठभर जास्त झाली ते काढून टाकली. त्या वजनाले काही म्हणायची सोय नव्हती. पहाटेच मी देवळात मंडपाच्या कामाले गेलो. पोती अमरावतीले विमानापाशी घेऊन जायले विपुल आला. हा पार्बताच्या बहिणीचा पोरगा, अकोल्यात लग्नाचे मंडप सजवते. मागं बसून फुलं टाकायचं काम त्याच्याकडे होतं.

सकाळचा कार्यक्रम. पण पाहुणे यायचे होते ना! डोमाजी माइकवर, "पाहुणे निघाले हो, पाहुणे निघाले," अन् पाहुण्यायचा पत्ता नाही. ऊन असं तापलं की बाया पदर डोक्यावर घेऊन देवळाच्या सावलीले बसल्या. दुपारी हर्षाचा फोन आला.

"बाबा, लय तापलं. मायं मन नाही होऊन राहिलं. रद्द करू?"

"कर! आत्ताच्या आत्ता कर! मी सांगतो सगळ्यायले—"

माया आवाज सगळ्यायनं ऐकला, तेच चुकलं. डोमाजी धावत आला, चार जण गोळा झाले, अन् पार्बतानं माया हातातून फोन घेतला. "बाई, सगळं गाव सकाळपासून उन्हात उभं हाय," ती म्हणाली. फक्त तेवढंच. रागानं नाही, मायेनंच म्हणाली.

विमान आलं तेव्हा पाहुणेही आले होते. ढोल वाजले, पोट्टे नाचून राहिले. विमान देवळावरून गेलं, अन् काही पडलंच नाही. मंग एकदम एक गोळा आला. पाकळ्या नाही, गोळा. माया खांद्यावर धपकन बसला. मी हातात घेतला तर पाणी गळून राहिलं होतं.

"हे ओलं कसं?" मी म्हटलं.

पार्बताचं तोंड फुललं होतं. "मंग? देवावर का सुकलेली फुलं टाकाची? पहाटे तीन डाव पाणी शिंपलं मी. उशीर झाला म्हणून विपुलले बी फोन केला, बादलीभर तथी मारजो रे म्हटलं."

आमच्या धंद्यात पाणी मारल्याशिवाय फूल घराबाहेर जात नाही. उन्हाळ्यात तर नाहीच. मायी आई मारे, तिची सासू मारे. पार्बता लग्न होऊन आली तेव्हा मायाच आईनं तिले शिकवलं. अन् झेंडूचं ओलं पोतं काय असते ते मले विचारा. सुकं एका हातानं उचलतो मी. भिजलं की दोन माणसं लागतात.

वर ओल्या पाकळ्या पोत्यातच चिकटून बसल्या असतीन. विपुल खिडकीतून हात काढून झटकून राहिला होता. कलशावर एकही फूल पडलं नव्हतं. डोमाजी माइकवर ओरडला, "ताई, आणखी एक चक्कर!" तिले काय ऐकू जाते? पण कलश कोरडा हाय, हे तिलेही दिसलं असन. विमान पलीकडे जाऊन वळलं. खाली होतं. हळू होतं. मले एवढं समजत होतं हो. ओट्यावर बसून सगळं तिनंच तर शिकवलं होतं, अन् आता ते एकेक माया डोळ्यासमोर होऊन राहिलं होतं. ऊन, वजन, खाली, हळू, अन् देवळाच्या अंगणात आई.

"जोरात ने!" मी ओरडलो. "हर्षा, जोरात ने! जोरात!"

असा मी जन्मात ओरडलो नाही. ढोलवाले थांबले. बाजूच्या लहान पोरानं रडायले सुरुवात केली. सगळ्या गावानं ऐकलं. एक पंख खाली गेला, अन् विमान नाल्यापलीकडच्या नांगरलेल्या वावरात उतरलं नाही, पडलं.

दोघंही वाचले. विपुलचा खांदा मोडला. हर्षाचे दोन्ही पाय अन् कंबर. अकोल्याच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी ती नीट बोलली. पार्बता खाली औषध आणायले गेली होती. हर्षानं मले बोटानं जवळ बोलावलं.

"पोती ओली होती, बाबा. उडतानाच मले विमान जड वाटलं. आईनं पाणी मारलं हे विपुलनं वरतीच सांगतलं. आईले हे कधी कळू देऊ नका. विपुलले बी सांगून ठेवा."

"अन् चौकशीत?"

"चौकशीत सांगीन, खाली आली अन् हळू वळली. खोटं हाय का? वजन परत पाहायचं काम मायंच होतं. नियम बी मीच मोडला."

"लायसन जाईन तुयं."

ती वरच्या पंख्याकडे पाहत राहिली. "आईले कळलं तर ती जगन का, बाबा?"

मी रडलो. आवाज न करता रडता येते, हे मले तेव्हा समजलं.

पावसाळा लागल्यावर चौकशीचे साहेब घरी आले. वयस्क, शांत माणूस. हर्षा बाजेवर, पाय पट्ट्यांत. साहेबांनी तिचं सगळं लिहून घेतलं. मंग मायाकडे वळले.

"फुलांचं वजन तुम्ही केलं होतं?"

"हो. तीस किलो. काट्याची चिठ्ठी हाय."

"वजन केल्यावर फुलांना काही केलं होतं का? नीट आठवून सांगा. अवशेषांमध्ये पोती फार जड सापडली. तसं काही असेल, तर सगळा दोष वैमानिकावर येणार नाही. तिचं उडणं कदाचित वाचेल."

कदाचित, म्हणे. हर्षानं डोळे मिटून घेतले. अन् दारात उभी असलेली पार्बता पुढं आली. पोरीचं उडणं वाचते एवढंच तिनं ऐकलं होतं. तिच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी उजेड आला.

"साहेब, फुलाले तर आमी पहाटे—"

"तुले कोणी विचारलं?" मी ओरडलो. "मधात तोंड घालते! जाय, चहा ठेव पहिले!"

साहेबांच्या हातातला पेन थांबला. पार्बता तशीच उभी राहिली. तीस वर्षांत मी तिच्यावर लय ओरडलो, पण परक्या माणसासमोर असं तोडून कधी बोललो नाही.  पदर तोंडाले लावून ती आत गेली.

साहेबांनी मायाकडे पाहिलं, मंग हर्षाकडे. "ताई?"

"वजन तेवढंच होतं, सर," हर्षा म्हणाली. "मी हळू वळले."

साहेबांनी लिहिलं. लिहायले त्यांना वेळ लागला. आतून भांडी आपटल्याचा आवाज आला, अन् मंग पार्बताचं रडणं, सगळ्यायले ऐकू येईल असं.

"पोरीचं आयुष्य चाललं माया, अन् या माणसाले चहा सुचून राहिला!"

थोड्या वेळानं चहा आला. मी तो पिऊन घेतला.