रावसाहेबांना सापळा

कॉलेजातली पोरं ज्याला फिशपाँड म्हणतात त्याला कचेरीत शेलापागोटी म्हणत, कारण कचेरीत सगळं मराठीतून करायचा आदेश होता. पद्धत मात्र तीच. स्नेहसंमेलनाच्या आधी आठ दिवस एक खोकं ठेवायचं. ज्याला ज्याच्याविषयी जे तोंडावर बोलता येत नाही, ते त्याने निनावी चिठ्ठीवर लिहून खोक्यात टाकायचं. मग संमेलनाच्या दिवशी ते सगळ्यांदेखत वाचायचं, आणि ज्याच्यावर चिठ्ठी निघेल त्याने स्टेजवर येऊन गाजर, कुलूप, दुधाची बाटली, जी काही भेट असेल ती हसत हसत घ्यायची. न हसणाऱ्याच्या अंगी खिलाडूवृत्ती नाही असं समजत. सरकारी नोकरीत बाकी पुष्कळ गोष्टी नसल्या तरी चालून जातं.

नाशिकच्या त्या कचेरीत हे वाचन सावळीराम केदारे करी. बी. ए., वरिष्ठ लिपिक, वय पंचेचाळीस. समोरचा मांडव हसून आडवा झाला तरी याच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नसे. ही विद्या तो नोकरीच्या पहिल्याच वर्षी शिकला होता. राखीव जागेवर लागलेला तो कचेरीतला पहिला माणूस. त्याच्या नावाने चिठ्ठी निघाली, 'सरकारचे जावई', आणि भेट म्हणून मुंडावळ्या. सावळीरामने त्या स्वतःच्या हाताने कपाळाला बांधल्या आणि गंभीरपणे विचारलं, "जावई तर झालो. पण जावयाला चहा वेगळ्या कपात देण्याची रीत कोणत्या गावची?" मांडव कोसळला. साहेबांनी पाठ थोपटली. पुढच्या वर्षापासून वाचन त्याच्याकडे आलं. कप पुढे चार वर्षं वेगळाच राहिला, पण त्याच्याकडे सावळीरामने फारसं लक्ष दिलं नाही. माणसं हसली म्हणजे निम्मी लढाई जिंकली, असं त्याचं मत झालं होतं. उरलेली निम्मी कोण लढणार हे त्याने ठरवलं नव्हतं.

एकोणऐंशी साली विमल पगारे टायपिस्ट म्हणून लागली. सावळीरामच्याच वस्तीतली. तिचा बाप देवराम तिला पहिल्या दिवशी कचेरीच्या फाटकापर्यंत सोडायला आला होता. "केदारेसाहेब, तुमच्या वटीत घातली बरं का पोरगी," म्हणाला. विमल सावळीरामला घरी काका म्हणे, कचेरीत केदारेसाहेब.

अधीक्षक होते रावसाहेब गोळेसर. गोरे, जाडजूड, दर गुरुवारी पेढे वाटणारे. टायपिंगमधल्या चुका दाखवायला ते विमलला रेकॉर्ड रूममध्ये बोलवत. चुका टेबलावर का दाखवता येत नाहीत, हे कुणी विचारलं नाही. ऑगस्टातल्या एका दुपारी सावळीराम एक जुनी फाईल आणायला तिकडे गेला, तर दाराला आतून कडी. त्याने वाजवलं. बऱ्याच वेळाने रावसाहेबांनी दार उघडलं. रुमालाने मान पुसत म्हणाले, "केदारे, उंदीर फार झालेत हो." त्यांच्या मागे विमल भिंतीला लागून उभी होती. वेणी सुटलेली. फरशीवर बांगडीचे तुकडे, आणि मनगटावरून रक्ताचा एक बारीक ओघळ.

सावळीराम ज्या फायलीसाठी गेला होता ती त्याला लगेच सापडली. ती घेऊन तो परत आला.

त्या संध्याकाळी विमल त्याच्या घरी आली. "काका, मी अर्ज केलाय मुंबईला. मोठ्या साहेबांना." आवाज अगदी सपाट होता. "साक्षीदार कोण, असं विचारतील. तुम्ही पाहिलंय. लेखी द्याल का?"

सावळीरामची बढती एप्रिलात व्हायची होती. शिफारस गोळेसरांची लागणार होती. त्याने चष्मा पुसला. "लेखीने काय होतंय, विमल? कागद फायलीत जातो, फाईल कपाटात जाते. गॅदरिंग येऊ दे. सगळ्या कचेरीसमोर असा फोडतो त्याला की परत मान वर करणार नाही."

"मला त्याची मान नकोय काका. मला त्या खोलीत जायचं नाहीये."

"थांब तर खरी."

ती थांबली, म्हणजे थांबण्यावाचून तिला दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

जानेवारीत कचेरीच्या आवारात मांडव पडला. खोक्यात विमलवर चार चिठ्ठ्या निघाल्या. त्यातली एक वाचून सावळीरामचे कान तापले. त्याने चारही फाडल्या आणि आपण काहीतरी केलं असं त्याला वाटलं. रावसाहेबांवरचं शेलापागोटं त्याने स्वतः लिहिलं. तीन रात्री शब्द घासले. ते वाचायची वेळ आली तेव्हा त्याचा चेहरा नेहमीसारखाच दगडी होता.

"रेकॉर्ड रूममधले उंदीर मारायला स्वतः जातीने जाणारे, दाराला आतून कडी घालून तासतासभर शिकार करणारे, आणि एकही उंदीर हाती न घेता घाम पुसत बाहेर येणारे आमचे रावसाहेब! यांना कर्मचाऱ्यांतर्फे सादर," आणि त्याने टेबलाखालून उंदराचा पिंजरा काढला.

क्षणभर सगळ्यांनी रावसाहेबांकडे पाहिलं. हाच तो क्षण, सावळीरामला वाटलं. मग मांडव असा हसला की कनातीवरचे कावळे उडाले. आणि सगळ्यांत मोठ्याने हसले रावसाहेब. पोट सावरत स्टेजवर आले, पिंजरा दोन्ही हातांनी कपाळाला लावला, माइक ओढला आणि म्हणाले, "केदारे, पिंजरा दिलात, आभारी आहे. पण आत लावायला पोळीचा तुकडा कोण देणार? का तोही मीच शोधू?" आणि त्यांनी सावकाश तिसऱ्या रांगेकडे पाहिलं.

सगळ्या माना तिकडे वळल्या. तिसऱ्या रांगेत विमल होती. तिच्या शेजारच्या दोन बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या आणि हसता हसता तिच्यापासून जराशा सरकत होत्या. विमलही हसली. खिलाडूवृत्ती तिलाही दाखवावीच लागणार होती.

दुसऱ्या दिवसापासून ती व्हरांड्यातून निघाली की कुणीतरी चूं चूं करी. गोटीराम शिपाई एरवी देवमाणूस, पण तोही म्हणाला, "ताई, सायेब बोलवत्यात. उंदीर निघालाय म्हनं." त्याला वाटलं तो विनोद करतोय. पूर्वी तिला आत बोलावताना रावसाहेब निदान इकडेतिकडे बघत. आता बघत नसत. आता ती सगळ्या कचेरीची गंमत होती.

मार्चमध्ये मुंबईहून चौकशी अधिकारी आले. सभ्य, शांत माणूस. विमलचा जबाब सकाळी झाला. दुपारी सावळीरामला बोलावणं आलं. विमल बाहेरच्या बाकावर बसली होती. शेजारी धुतलेला सदरा घालून देवराम. ती एवढंच म्हणाली, "काका, आता तरी."

अधिकाऱ्यांच्या समोरच्या फायलीत सावळीरामच्या वळणदार अक्षरातला एक कागद होता.

"हे शेलापागोटं तुमचं?"

"होय, साहेब."

"तक्रारदार म्हणतात, दार बंद होतं आणि त्यांना इजा झाली. तुम्ही पाहिलंत?"

"होय."

"ऑगस्टात. मग जानेवारीपर्यंत तुम्ही काय केलंत?"

सावळीरामने समोरच्या कागदाकडे पाहिलं.

"हा कागद केलात," अधिकारीच म्हणाले, तेही दुष्टपणाने नव्हे. "केदारे, तुम्ही शिकलेले, पोक्त गृहस्थ. मुलगी तुमच्या समाजातली. तुम्ही खरोखर असं काही पाहिलं असतं, तर त्याच्यावर विनोद केला असता? आपण माणूस आहोत ना? गंमत आहे म्हणूनच गंमत केलीत. गोळेसरांचं म्हणणंही तेच आहे. पिंजरा अजून टेबलावर ठेवलाय त्यांनी, दाखवला मला."

उत्तर सावळीरामला माहीत होतं. मी भ्यालो होतो, साहेब. बढती अडेल म्हणून भ्यालो, आणि भित्र्या माणसाला धीट दिसायचं असेल तर विनोदाइतकी सोयीची दुसरी जागा नाही. एवढी दोन वाक्यं. लिहून घेणारा कारकून पेन टेकवून वाट बघत होता.

"मग सांगा तर," अधिकारी म्हणाले. "नक्की काय पाहिलंत?"

वीस वर्षांत अशा वेळी जे व्हायचं तेच झालं. चेहरा आपोआप दगडी झाला आणि तोंडाने आपलं काम केलं.

"दार पाहिलं, साहेब. या कचेरीत नीट बंद होणारी तेवढीच एक गोष्ट आहे."

अधिकारी आधी चमकले, मग खो खो हसले. चष्मा काढून डोळे पुसले. कारकूनही हसला. "भारी आहात तुम्ही, केदारे," ते म्हणाले आणि कारकुनाला सांगितलं, "लिहा. साक्षीदार विनोदी स्वभावाचा आहे. झालं. खाली सही करा."

"साहेब, मला जरा..."

"पाच वाजता गाडी आहे हो माझी."

सावळीरामने सही केली. ती नेहमीसारखीच वळणदार आली.

तो बाहेर आला तेव्हा देवराम लगबगीने उठला. त्याच्या चेहऱ्यावर उजेड होता. "सायेब लय हसत व्हते आत! म्या हिला म्हनलं, सायेब खुशीत हाय म्हंजे आपलं काम झालं. झालं ना, केदारेसाहेब?"

विमलने सावळीरामकडे पाहिलं. तिने तो हशा बाकावर बसून ऐकला होता, आणि त्या कचेरीतला हशा तिच्याइतका कुणालाच कळत नव्हता. तिने मांडीवरची अर्जाची नक्कल घडी घालून पर्समध्ये ठेवली.

"आबा, चला."

"आगं, पर सायेब काय म्हनले ते तर..."

"चला म्हणते ना. बस चुकेल."

देवरामने जाता जाता सावळीरामला दोन्ही हात जोडले. "उपकार झाले बघा तुमचे," तो म्हणाला.