सोपानतात्यांचं कोरडं बोअर

संस्कृतीने पुण्यात भूशास्त्राच्या एमएस्सीला प्रवेश घेतला तेव्हा तिचा भाऊ रणजित म्हणाला होता, "दगडं बघायला पुण्याला कशाला जातीस? आपल्या माळावर काय कमी हायेत व्हय?" तो बारामतीच्या एमआयडीसीत एका दूध कंपनीत कामाला होता आणि तिथल्या प्रयोगशाळेत बहिणीलाही लावून द्यावं असं त्याच्या मनात होतं. तिने ऐकलं नाही. प्रबंधाचा विषय मात्र तिने घराजवळचाच निवडला: इंदापूर तालुक्यातल्या आपल्या गावाचं जमिनीखालचं पाणी.

उन्हाळ्यात ती विभागाचं यंत्र घेऊन गावी आली. रानात लोखंडी खुंट्या ठोकायच्या, त्यांतून वीज सोडायची आणि खालचा थर तिला किती अडवतो ते मोजायचं. ओल्या थरातून वीज सहज जाते, घट्ट कातळातून जात नाही. शेजारचे सोपानतात्या दोन दिवस बांधावरून हे बघत होते. शेवटी ते तिला आपल्या खालच्या रानात घेऊन गेले.

"पोरी, हितं बोअर घ्यावं म्हणतुय. सांग बघू, पाणी हाय का न्हाय?"

तिने तिथेही खुंट्या ठोकून मोजलं. वीज कुठेच अडत नव्हती. संस्कृती हरखून म्हणाली, "हाय तात्या. हितंच घ्या."

आठवडाभरात बोअरची गाडी आली. वरची काळी माती निघाली, मग कातळ लागला आणि पुढे नुसती धूळ उडत राहिली. बघायला जमलेली माणसं एकेक करून पांगली. तात्यांनी हात वर करून गाडी थांबवली आणि संस्कृतीकडे न बघताच घराकडे निघून गेले.

तिने मार्गदर्शक विमल मॅडमना फोन केला. "मॅडम, मला विषय बदलायचा आहे. नाहीतर सोडूनच देते."

सगळं ऐकून घेऊन मॅडमनी विचारलं, "बोअरमधून निघालेल्या मातीचे ढीग अजून तिथं आहेत का?"

"आहेत."

"मग आधी ते गोळा कर. आणि त्या शेतकऱ्याला भेटलीस का?"

भेटली नव्हती. सकाळी ती तात्यांच्या अंगणात जाऊन उभी राहिली. तात्या म्हशीला वैरण टाकत होते.

"तात्या, चूक माझी झाली. एवढ्यावरनं पाणी हाय म्हणायला नको होतं."

"कालिज शिकून धूळच काढायची होती व्हय?"

आतून तात्यांच्या बायको, जयवंताकाकू, बाहेर आल्या. "आवो, पोर सोताहून दारात आलीया. बस तरी म्हणा."

तात्या वैरणच टाकत राहिले. काकूंनीच चहा ठेवला. तो पिऊन झाल्यावर संस्कृतीने चाचरत मातीचं विचारलं, तेव्हा तात्या वैतागून म्हणाले, "ने ने. समदा ढीग ने."

पुण्याला परतल्यावर तिने ती माती पाण्यात भिजवून तपासली. माती मिठानं भरलेली होती. कालव्याचं पाणी वर्षानुवर्षं उसाला दिलेलं, निचरा कुठेच नाही. कातळावरच्या काळ्या चिकणमातीत क्षार साठत गेले होते. खाऱ्या मातीतूनही वीज तशीच सहज जाते, आणि ती वरच्यावरच वाहून गेल्याने खालचा कातळ यंत्राला दिसलाच नव्हता. यंत्राने दाखवलेलं पाणी नव्हतं, मीठ होतं.

मॅडम म्हणाल्या, "या भागात ही चूक कितीतरी जण करत असतील. ती टाळायची कशी, तोच विषय घे."

मग हिवाळाभर दर सुट्टीला ती गावी येऊ लागली. रणजित कुरकुरत मोटारसायकलवरून तिला विहिरीविहिरीवर न्यायचा. पुढे पुढे तोच दोरीला बाटली बांधून पाणी काढू लागला, आणि चव घेऊन "हे खारट हाय, लिव्ह" असं सांगू लागला. संस्कृती तरीही क्षार मोजायचं मीटर लावून बघायची, आणि दोघांचं जुळलं नाही की वाद घालायची.

खाऱ्या-गोड्या पाण्याचा नकाशा तयार झाल्यावर तो घेऊन ती पहिल्यांदा तात्यांकडेच गेली.

"तात्या, खालच्या रानात पुन्हा बोअर घेऊ नका. तिथं चर काढून मीठ भाईर काढावं लागंल. वरच्या रानात पाणी असंल, पण खात्रीनं सांगत न्हाय."

तात्यांनी नकाशावर आपलं रान बोटानं शोधलं. "मागच्या बारीला लई खात्रीनं सांगितलं हुतंस."

"म्हणूनच," ती म्हणाली.

तात्या पहिल्यांदा हसले. पावसाळ्याआधी त्यांनी चर काढले आणि तिच्या सांगण्यावरून हिरवळीच्या खताचा धैंचा पेरला; मीठ ओसरेल तिथेच तो उगवेल, असं ती म्हणाली होती.

प्रबंधाचं पहिलं प्रकरण तिने त्या कोरड्या बोअरवरच लिहिलं. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी निम्मा वेळ त्याच प्रकरणावर घालवला आणि शेवटी विचारलं, "पीएचडीला हेच पुढं नेणार का?" तिने हो म्हटलं, आणि प्रवेशही मिळाला. रणजितने दूध कंपनीतल्या सगळ्यांना पेढे वाटले.

काही दिवसांनी जयवंताकाकूंचा फोन आला. "पोरी, खालच्या रानात धैंचा उगावलाय! समदा न्हाय, वड्याकडचा निम्मा."

मागून तात्यांनी फोन ओढून घेतला. "त्या पीएचडीत आता लोकांच्या रानात हिंडशील. आदी हितलं उरलेलं निम्मं बघ."

"येते तात्या," संस्कृती म्हणाली. "रविवारीच येते."