ही तुमची कोण?

मंचावरच्या खुर्च्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. अध्यक्षांनी हौसेनं छापून घेतलेल्या त्या चिठ्ठ्यांवर आडनाव ठसठशीत होतं आणि नाव मुंगीएवढं. आडनाव सगळ्यांचं एकच. त्यामुळे निवृत्त न्यायाधीश गोलकीपरच्या खुर्चीत जाऊन बसले, गोलकीपर गायिकेच्या खुर्चीत, आणि गायिका बिचारी "माझी कुठली हो?" करत मंचभर फिरत राहिली. डोळ्यांचे डॉक्टर मदतीला म्हणून चिठ्ठ्यांवर वाकले होते, पण चष्मा गाडीत विसरल्यामुळे त्यांचा काही उपयोग नव्हता.

पुलांची इंजिनिअर तेवढी आपल्या बरोबर खुर्चीत होती. बसली होती म्हणण्यापेक्षा टेकली होती. चहाचा कप तिनं न पिताच खुर्चीखाली ठेवून दिला होता.

एकाच आडनावाच्या माणसांचं हे मंडळ आणि त्याचा आजचा सत्कार समारंभ म्हणजे अध्यक्षांचं लाडकं अपत्य. त्यांचं फर्निचरचं मोठं दुकान होतं. आपल्या आडनावाचं कुणी पेपरात चमकलं की त्यांना स्वतःच्या घरी बारसं असल्यासारखा आनंद व्हायचा. गायिका, न्यायाधीश, गोलकीपर, डॉक्टर यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नव्हता, पण अध्यक्षांच्या लेखी सगळे आपलेच. एक गृहस्थ सोडून. याच आडनावाच्या त्या गृहस्थांनी एक अख्खी बँक बुडवली होती आणि मंचावरच्या सगळ्यांपेक्षा ते जास्त प्रसिद्ध होते. त्यांचा विषय कुणी काढलाच तर अध्यक्ष हसणं आवरतं घेऊन म्हणायचे, "ते वेगळे."

इंजिनिअरला ते दोन शब्द सारखे आठवत होते. थोड्या वेळानं आपणही "त्या वेगळ्या" होणार याची तिला जवळजवळ खात्री होती.

तिचं हे आडनाव लग्नातून आलेलं, आणि लग्न आता संपल्यात जमा होतं. पुढच्या आठवड्यात कोर्टात शेवटची तारीख होती. घर, गाडी, सामानसुमान, सगळं शांतपणे ठरलं होतं. घोडं अडलं होतं एका कलमावर. यापुढे तिनं हे आडनाव लावू नये, असं नवऱ्याच्या वकिलानं लिहिलं होतं.

"माझं काही नाही गं," नवरा फोनवर म्हणाला होता. "आईचा हट्ट आहे. गेली ना सोडून, मग नाव कशाला नेते म्हणते."

माणूस तसा वाईट नव्हता. फक्त आयुष्यात स्वतःचं असं त्याचं काही नसायचं, सगळं आईचं असायचं, आणि त्यालाच ती कंटाळली होती.

आडनाव सोडायचं म्हणजे काय, हे नवऱ्याला कळत नव्हतं आणि वकिलाला कळून घ्यायचं नव्हतं. लग्न झालं तेव्हा ती नुकती पास झालेली पोर होती. पहिला नकाशा, पहिला परवाना, पुलाच्या कठड्यावरची पहिली पाटी, सगळीकडे हेच नाव. माहेरचं आडनाव शाळेच्या दाखल्यापलीकडे कुणाला ठाऊक नव्हतं. आता खाडीवरच्या मोठ्या पुलासाठी माणसं निवडली जात होती आणि निवडणारे तिला याच नावानं ओळखत होते. कलम मानलं तर चाळिशी उलटल्यावर दारोदार "अहो, ती मीच" सांगत फिरायचं, आणि नाही मानलं तर खटला लोंबकळत ठेवायचा. तिला दोन्ही नको होतं.

मग ती इथं आलीच कशाला? तर मंडळानं निरोप दिला तो जुन्या घरच्या फोनवर. फोन सासूबाईंनी उचलला. सून इथं राहत नाही हे परक्या माणसाला सांगायचं जिवावर आलं असेल. "येईल की," म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला. पत्रिका छापल्या गेल्या. ऑफिसातल्या फळ्यावर लागल्या. साहेबांनी सगळ्यांदेखत हात हातात घेऊन अभिनंदन केलं. आता नाही म्हणायचं तर का नाही, ते सांगणं आलं.

तरीही तिनं निभावून नेलं असतं, पण मंडळाची एक पद्धत होती. इथं सत्कार अध्यक्ष करत नसत. घरातलं वडीलधारं माणूस मंचावर येऊन पाहुण्याच्या छातीवर पितळेचा बिल्ला लावी. मग अध्यक्ष माइक पुढे करून विचारत, "हे तुमचे कोण?" त्या माणसानं नातं सांगितलं की टाळ्या, त्याआधी नाही. तिचे आईवडील कधीच गेले होते. "त्याची काळजी करू नका," अध्यक्ष म्हणाले होते, "सासूबाईंशी बोलणं झालंय. स्वतः येतायत."

आणि त्या आल्या होत्या. तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, मांडीवर पर्स घट्ट धरून. मोठ्या रुग्णालयात मेट्रन होत्या, निवृत्त झाल्या तरी पाठीचा कणा अजून ड्युटीवर होता. शेजारी नवरा मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. ती घर सोडून गेल्यापासून सासूबाई तिच्याशी अवाक्षर बोलल्या नव्हत्या. तिनं मंचावरून बघितलं, की त्या दुसरीकडे बघत.

काय म्हणतील? "माझी सून," असं म्हणाल्या तर ते खोटं, आणि मेट्रनबाई खोटं बोलत नाहीत. "कुणी नाही," म्हणाल्या तर साहेब समोर बसलेत, सगळं ऑफिस बसलंय. कोर्टाच्या आधीच तिचं नाव या हॉलमध्ये निकालात निघालं असतं. पोट बिघडलं म्हणून उठून जावं का?

न्यायाधीशांचं नाव पुकारलं. त्यांचे थोरले बंधू काठी टेकत आले. "हे तुमचे कोण?" "धाकटा भाऊ. जगाला शिस्त लावली, माझं एक ऐकलं नाही." हॉल हसला. गायिकेच्या मावशीला बोलताना हुंदका आवरेना. गोलकीपरच्या बापानं बिल्ला इतक्या घाईनं लावला की गोलकीपर ओरडलाच. टाळ्या, हशा, पुन्हा टाळ्या. दरवेळी तिच्या आधीचा एक माणूस कमी होत होता.

मग तिचं नाव आलं. अध्यक्षांनी तिनं बांधलेले पूल मोजून दाखवले, त्यात दुसऱ्याच कुणाचा एक धरून. तिला दुरुस्त करायचं भान राहिलं नाही. सासूबाई उठल्या होत्या. नवरा त्यांचा हात धरून काहीतरी कुजबुजला, त्यांनी तो हात बाजूला केला आणि एकट्या पायऱ्या चढून आल्या.

इतक्या दिवसांनी त्यांचा चेहरा जवळून दिसला. थकल्या होत्या. बिल्ल्याची पीन कापडातून एकदाच गेली. इतकी वर्षं माणसांना सुया टोचलेला हात तो.

"ही तुमची कोण?" अध्यक्षांनी प्रसन्न मुद्रेनं माइक पुढे केला.

सासूबाईंनी माइककडे नुसतं बघितलं. अध्यक्षांना वाटलं ऐकू आलं नसेल, म्हणून त्यांनी मोठ्यानं विचारलं, "ही तुमची कोण, आई?"

"ही माझ्या मुलाची बायको होती," सासूबाई म्हणाल्या. "आता नाही."

साहेबांनी हातातली पत्रिका खाली ठेवली. इंजिनिअरनं डोळे मिटून घेतले. संपलं, एवढंच तिच्या मनात आलं.

अध्यक्षांनी घाबरून माइक ओढला, पण मेट्रनबाईंच्या हातून काही ओढून घेणं सोपं नव्हतं.

"थांबा. माझं झालं नाही. हे आडनाव माझंही नव्हतं. लग्नात मिळालं. मी नुसतं वापरलं. फॉर्मवर, रेशनच्या कार्डावर, दारावर. हिनं ते कामाला लावलं. नदीवर जाऊन पुलावरची पाटी बघून आले मी. आमच्या घराण्यात कुणाचं नाव उन्हापावसात असं उभं नाही." त्यांनी श्वास घेतला. "माझी ती कुणी नाही. पण आडनाव तिचं आहे. लिहून घ्या पाहिजे तर."

टाळ्या वाजवायच्या की नाही हे लोकांना चटकन कळलं नाही. पहिल्या वाजवल्या गोलकीपरच्या बापानं, मग गायिकेनं, मग साहेब उभेच राहिले. तिसऱ्या रांगेत नवऱ्यानं मान खाली घातली होती. त्या गलक्यात सासूबाई तिचा तिरका झालेला बिल्ला सरळ करायला पुढे झाल्या आणि फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "वकिलाशी मी बोलते. ते कलम निघेल."

"आई..." ती म्हणू लागली.

"आई म्हणू नकोस. जेवताना तुझ्या खुर्चीकडे बघतो तो अजून, आणि ते मला बघावं लागतं. नाव तुझं आहे, ने. घरी मात्र कधी येऊ नकोस."

त्यांनी बिल्ल्यावरचा हात काढला आणि वळल्या. नवरा पायरीपाशी येऊन उभा होता. त्याचा हात धरून त्या उतरल्या, जागेवर न बसता सरळ दाराकडे चालू लागल्या, आणि दोघं बाहेर पडली.

मागे डोळ्यांच्या डॉक्टरांचं नाव पुकारलं जात होतं. अध्यक्ष तिला हातानं "बसा, बसा" करत होते. ती बसली. जे हवं होतं ते मिळालं होतं, सगळ्यांसमक्ष, कोर्टाच्याही आधी. आणि दाराकडे बघता बघता तिला कळलं, की आई म्हणून हाक मारावी असं आता आपल्याला जगात कुणी राहिलेलं नाही.